शाळेच्या दोन घंटांमध्ये बसणारा सर्व्हे: इंग्लंडमध्ये लहान मुलं सांभाळून घरगुती एनर्जी असेसरचं काम

इंग्लंडमध्ये घर विकायचं किंवा भाड्याने द्यायचं तर ईपीसी, म्हणजे घराच्या ऊर्जावापराचं प्रमाणपत्र लागतं. ते दहा वर्षं चालतं. ते करणाऱ्या डोमेस्टिक एनर्जी असेसरचं काम घरी लहान मुलं असलेल्यांना सोयीचं वाटतं, कारण "पाऊण तासाचा सर्व्हे, मुलं शाळेत असताना उरकतो" असा हिशेब मांडला जातो. नेमका हाच हिशेब चुकतो. पाऊण तास हा फक्त घरात उभं राहण्याचा वेळ झाला. गाडी, पार्किंग, किल्ल्या, डेटा भरणं, लॉजमेंट (ईपीसी सरकारी रजिस्टरवर नोंदवणं) आणि ऑडिटला उत्तर देणं हे सगळं त्यात धरलेलंच नसतं.

हे काम दोन तुकड्यांचं आहे. ग्राहकाच्या घरातला तुकडा दिवसाच, ठरल्या वेळीच आणि मुलांशिवायच होतो. टेबलावरचा तुकडा मुलं झोपल्यावरही होतो. घरात असताना पुरावा पूर्ण गोळा झाला असेल तरच दुसरा तुकडा रात्री करता येतो. एक फोटो राहिला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच चक्कर, तीही बिनपैशाची. पुढचे टप्पे या एका गोष्टीभोवती लावलेले आहेत, म्हणून क्रम बदलू नका.

टप्पा १: कागद, आणि त्यांचा क्रम

सुरुवात व्हिसापासून. स्किल्ड वर्कर व्हिसावर असलेल्या मुख्य व्यक्तीच्या जोडधंद्याला कडक अटी आहेत; हा स्वयंरोजगार त्यात बसतो असं धरू नका. स्टुडंट व्हिसावर स्वयंरोजगार करता येत नाही. स्किल्ड वर्करच्या डिपेंडंट जोडीदाराला मात्र करता येतो. नवऱ्याच्या नावावर नोंदणी आणि सर्व्हे बायकोने करायचे, किंवा याच्या उलट, ही "घरातल्या घरात" सोय करू नका. ईपीसीवर असेसरचं नाव छापलं जातं आणि घरात गेलेली व्यक्ती तीच असावी लागते.

त्यानंतर पुढील क्रमाने:

१. लेव्हल ३ ची डोमेस्टिक एनर्जी असेसमेंटची पात्रता. यात प्रशिक्षण, परीक्षा आणि सरावाचे ईपीसी येतात. बहुतेक ठिकाणी पाच घरं करून दाखवावी लागतात.
२. बेसिक डीबीएस, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदींची तपासणी.
३. एखाद्या अ‍ॅक्रेडिटेशन स्कीमचं, म्हणजे असेसरना मान्यता देणाऱ्या संस्थेचं, सदस्यत्व: एल्महर्स्ट, क्विडोस, ईसीएमके वगैरे. सदस्यत्वाशिवाय नुसत्या सर्टिफिकेटवर ईपीसी नोंदवता येत नाही.
४. प्रोफेशनल इंडेम्निटी (कामातल्या चुकीसाठी) आणि पब्लिक लायबिलिटी (दुसऱ्याला झालेल्या इजा-नुकसानीसाठी) विमा. काही स्कीम तो सदस्यत्वातच देतात. आधी विचारा, नाहीतर दोनदा पैसे जातात.
५. गाडीच्या विम्यात बिझनेस यूज घालून घेणं.

पाचवा मुद्दा सर्वांत जास्त वेळा राहतो. मुलांना शाळेत सोडण्यासाठी घेतलेल्या विम्यात ग्राहकाच्या घरी कामासाठी जाणं बसत नाही. विमा कंपनीला एक फोन केला की होतं, पण तो पहिल्या सर्व्हेच्या आधी करा.

सरावाची पाच घरं निवडताना सगळी ओळखीच्यांची नवीन फ्लॅटं घेऊ नका. १९३० पूर्वीचं एक टेरेस (रांगेतलं घर), एक्स्टेंशन जोडलेलं एक सेमी (एक भिंत शेजाऱ्याशी सामायिक असलेलं घर), स्टोरेज हीटरवालं एक घर आणि गरम पाण्याचा सिलिंडर असलेलं एक, असं मिसळून घ्या. प्रशिक्षण चालू असताना चूक दाखवायला कोणीतरी असतं, पुढे ते ऑडिटवाले दाखवतात. प्रत्यक्ष काम सुरू झाल्यावर नातेवाइकाचं घर केलंत तर ईपीसीवर तसं नमूद करावं लागतं. त्यासाठी वेगळा रकाना आहे.

*इशारा:* ग्राहकांची नावं, पत्ते आणि घराच्या आतले फोटो तुमच्याकडे राहणार आहेत. त्यासाठी आयसीओकडे (माहितीच्या गोपनीयतेवर देखरेख करणारी सरकारी संस्था) डेटा प्रोटेक्शनची वार्षिक फी भरावी लागते का ते तपासा. छोट्या व्यवसायाला ती २०२५ पासून ५२ पौंड आहे. कामाचा टॅब्लेट आणि मुलं कार्टून बघतात तो टॅब्लेट वेगळे ठेवा. लोकांच्या बेडरूमचे फोटो कौटुंबिक अल्बममध्ये आपोआप चढतात, तेव्हा ते लक्षातही येत नाही.

टप्पा २: मुलांची सोय आधी, पहिलं बुकिंग नंतर

लोक उलटं करतात. आधी घरांच्या एजंटला "मंगळवारी येते" असं सांगतात आणि मग नर्सरीला फोन लावतात.

इंग्लंडमध्ये नोकरी-धंदा करणाऱ्या आईवडिलांच्या मुलांना नऊ महिन्यांपासून शाळा सुरू होईपर्यंत आठवड्याला ३० तासांची सरकारी खर्चाने नर्सरी मिळते, वर्षातले ३८ आठवडे. सप्टेंबर २०२५ पासून ही सोय सगळ्या वयोगटांना लागू झाली. अटी अशा: दोघंही कमावते हवेत, प्रत्येकाची कमाई किमान वेतनाने आठवड्याला १६ तास भरेल इतकी हवी आणि कोणाचंही समायोजित उत्पन्न वर्षाला एक लाख पौंडांच्या वर नको. नव्याने स्वयंरोजगार सुरू केलेल्याला पहिले १२ महिने किमान कमाईची अट लागत नाही. हे ठाऊक नसल्यामुळे "अजून कमाईच नाही" म्हणून कित्येक जण अर्जच करत नाहीत.

दोन ठिकाणी घसरण होते.

पहिलं, तारीख. अर्ज मंजूर झाला की नर्सरीला द्यायचा एक कोड मिळतो. सप्टेंबरच्या सत्रासाठी तो ३१ ऑगस्टपर्यंत, जानेवारीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत आणि एप्रिलसाठी ३१ मार्चपर्यंत हातात हवा. एक दिवस चुकला की पुढच्या सत्रापर्यंत थांबा. कोड मिळाल्यावर दर तीन महिन्यांनी आपल्या सरकारी ऑनलाइन खात्यात जाऊन माहिती पुन्हा पक्की करावी लागते. फोनमध्ये दोन रिमाइंडर लावा.

दुसरं, "नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स", म्हणजे सरकारी मदत घेता येणार नाही ही अट. व्हिसावर हा शिक्का असेल आणि दोघांपैकी एकाकडेही ब्रिटिश किंवा आयरिश नागरिकत्व, सेटल्ड किंवा प्री-सेटल्ड स्टेटस किंवा सरकारी मदत घेण्याची परवानगी नसेल, तर हे ३० तास आणि टॅक्स-फ्री चाइल्डकेअर दोन्ही मिळत नाहीत. तीन आणि चार वर्षांच्या मुलांचे सरसकट १५ तास मात्र व्हिसा न बघता मिळतात. नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांपैकी बरीच याच गटात असतात. त्यांनी शेजारच्या ब्रिटिश आईचा हिशेब आपल्या वहीत उतरवू नये. १५ तास म्हणजे पाच दिवस रोज तीन तास, किंवा दोन पूर्ण दिवस आणि थोडं वर. या कामाला दोन पूर्ण दिवस घ्या. तीन तासांत घरून निघून, सर्व्हे करून परत येणं कसंबसं होतं. त्यात दुसरं घर बसत नाही.

टॅक्स-फ्री चाइल्डकेअर ज्यांना लागू आहे त्यांच्यासाठी: खात्यात ८ पौंड टाकले की सरकार २ घालतं, प्रत्येक मुलामागे तीन महिन्यांना ५०० पौंडांपर्यंत. पैसे फक्त नोंदणीकृत ठिकाणी वळते होतात. बरेच हॉलिडे क्लब आणि आफ्टर-स्कूल क्लब यात येतात, पण बुक करण्याआधी विचारा.

मग उरतात आजी-आजोबा आणि शेजारीण. व्हिजिटर व्हिसावर आलेली आजी नातवंडांना भेटायला येते. त्या मुक्कामात ती मुलांकडे बघते हे ठीक, पण मुलं सांभाळण्याची नोकरी म्हणून तिला आणता येत नाही. शिवाय सहसा सहा महिन्यांनी ती परत जाते, म्हणून तिच्या भरवशावर वर्षाचं बुकिंग लावू नका. शेजारच्या ताई आपल्या घरी आठ वर्षांखालचं मूल दिवसा दोन तासांपेक्षा जास्त वेळ पैसे घेऊन सांभाळत असतील तर त्यांची चाइल्डमाइंडर म्हणून नोंदणी हवी. "आपल्यातल्याच आहेत" हे ऑफस्टेडला (शाळा आणि बालसंगोपनाची सरकारी तपासणी संस्था) पुरत नाही.

*तपासणी:* पुढे जाण्याआधी या तीन प्रश्नांची उत्तरं लिहून काढा. आठवड्यातले कोणते दिवस पक्के मोकळे आहेत? नर्सरीतून "मूल घेऊन जा" असा फोन आला तर पहिला माणूस कोण? तो नसेल तर दुसरा कोण? दुसऱ्याचं नाव कोरं असेल तर बुकिंग उघडू नका.

टप्पा ३: दिवस शेवटाकडून मोजा

शाळा साधारण पावणेनऊ ते सव्वातीन. हे साडेसहा तास तुमचे नाहीत. शेवटाकडून मोजू.

सव्वातीनला गेटवर उभं राहायचं, म्हणजे तीनला शाळेजवळ पार्किंग. घरापासून २५ मिनिटांच्या परिघात काम असेल तर दोन पस्तीसला ग्राहकाच्या दारातून बाहेर. त्यात २० मिनिटं राखीव ठेवा: ट्रॅफिक, बोलका घरमालक, लॉफ्टचं (छताखालच्या पोकळ जागेचं) न उघडणारं झाकण. म्हणजे सव्वादोनला मोजमापं संपलेली हवीत. सकाळी मुलांना सोडून निघालात तर सव्वानऊ-साडेनऊच्या आधी पहिलं दार वाजत नाही. हातात राहिले पावणेपाच तास.

घरांना लागणारा वेळ असा धरा: दोन बेडरूमचा फ्लॅट ४०–४५ मिनिटं, तीन बेडरूमचं सेमी एक तास, एक्स्टेंशन आणि छतातली खोली असलेलं घर दीड तास. जून २०२५ पासून आरडीसॅप १० (ईपीसीच्या हिशेबाची पद्धत) लागू झाल्यावर प्रत्येक खिडकी वेगळी मोजावी लागते. त्याआधीच्या असेसरने सांगितलेले आकडे म्हणूनच आता कमी पडतात.

म्हणजे दिवसाला दोन घरं, आणि जवळजवळ असतील तर तीन. चौथं घेऊ नका. चौथ्या घराची घाई तिसऱ्याच्या फोटोंत दिसते.

*इशारा:* दिवसातलं शेवटचं बुकिंग नेहमी लहान, ओळखीच्या प्रकारचं घर असू द्या. व्हिक्टोरियन काळातलं चार मजली घर दुपारी एकला घेतलं की गेटवर उशीर ठरलेलाच.

टप्पा ४: काम घेणं

काम दोन वाटांनी येतं: पॅनेल कंपन्यांकडून (ईपीसीची कामं घेऊन असेसरना वाटणाऱ्या), जिथे दर कमी पण ओघ चालू असतो, किंवा थेट एजंट आणि घरमालकांकडून. पॅनेलचा दर ४० पौंड आहे असं धरून एक हिशेब मांडू.

एकच घर: जाऊन-येऊन ५० मिनिटं, सर्व्हे ६०, डेटा भरणं ४५, फोन आणि कागद १०. एकूण २ तास ४५ मिनिटं. १६ मैलांचा खर्च मैलाला ४५ पेन्सने ७ पौंड २० पेन्स. लॉजमेंट फी आणि विम्याचा वाटा मिळून ३ पौंड धरा. उरले २९.८० पौंड, म्हणजे तासाला ११ पौंडांच्याही आत. हे २०२५-२६ च्या १२.२१ पौंड किमान वेतनाहून कमी आहे.

त्याच रस्त्यावरची दोन घरं: येणं-जाणं एकदाच, मधे पाच मिनिटं. पावणेपाच तासांत खर्च वजा जाता ६६.८० पौंड, तासाला १४ च्या वर. थेट ग्राहकाचं ७० पौंडांचं एकच घर घेतलंत तर तासाला जवळपास २२.

यातून दोन नियम निघतात. एका दिवशी एकच पोस्टकोड परिसर. आणि पॅनेलचं काम घ्यायचं तर ते जोडीनेच. "दुसरं काम वाटेत मिळेल" या आशेवर पहिलं स्वीकारू नका.

बुकिंगच्या फोनवर एवढं विचारा:

- घर कधीचं? एक्स्टेंशन किंवा छतात खोली आहे का?
- लॉफ्टचं झाकण कुठे आहे, त्याखाली कपाट तर नाही ना?
- घर रिकामं आहे की भाडेकरू आहे? किल्ली कोणाकडे?
- बॉयलर असलेल्या कपाटाला कुलूप आहे का?
- भिंतीत किंवा छतात इन्सुलेशन घातल्याचं बिल किंवा गॅरंटी आहे का? सर्व्हेच्या दिवशी टेबलावर काढून ठेवा.

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. "आम्ही कॅव्हिटी भरून घेतली आहे" (कॅव्हिटी म्हणजे भिंतीच्या दोन थरांमधली पोकळी) हे घरमालकाचं तोंडी म्हणणं चालत नाही. भिंतीवर दिसणारी खूण हवी, नाहीतर कागद. तो नसेल तर घर बांधलं त्या काळाच्या रीतीप्रमाणे धरलं जातं आणि रेटिंग खाली येतं. हे आधीच सांगितलं की दारात वाद होत नाही. ओळखीच्या मराठी घरमालकांच्या बाबतीत भीड आड येते: "जरा ई मध्ये बसवा ना, एका मार्कावर अडलंय." भाड्याने द्यायच्या घराला ए ते जी या रेटिंगपैकी किमान ई लागतो, त्यामुळे ही विनंती हमखास होते. फोनवरच नाही म्हणा. समोर चहा आल्यावर नाही म्हणणं जड जातं.

त्या पत्त्याचा जुना ईपीसी सरकारी रजिस्टरवर कोणालाही दिसतो. आदल्या रात्री तो बघा, मजले आणि क्षेत्रफळाचा अंदाज घ्या. मात्र त्यातले आकडे उतरवू नका. आधीच्या माणसाची चूक तुमच्या नावावर चढते.

टप्पा ५: पिशवी आदल्या रात्री

लेझर मीटर, ५ मीटरची टेप, स्टीलची पट्टी, डोक्याला लावायचा दिवा, घडीची शिडी, बुटांवर चढवायची कव्हरं, मीटरच्या पेटीची तिकोनी किल्ली, पॉवर बँक, टॅब्लेट आणि कागदी साइट नोट्स. उन्हात लेझरचा ठिपका दिसत नाही, म्हणून बाहेरच्या मापांसाठी टेप लागतेच. तिकोनी किल्ली काही पौंडांत मिळते. ती नसली की गॅस मीटरचा फोटो राहतो.

पिशवी दाराशी ठेवा, मुलांच्या दप्तरांपासून दूर. लेझर मीटर हे मुलांना सर्वांत आवडणारं खेळणं आहे. तो किरण डोळ्यांत जाऊ नये आणि बॅटरी सकाळी जिवंत असावी, दोन्हीसाठी ते उंच ठेवा.

*इशारा:* "आज एक दिवस" म्हणूनही मुलाला सर्व्हेला नेऊ नका. परक्याचं घर, उभी शिडी, उघडा लॉफ्ट. विमाही यासाठी नसतो. बुकिंग पुढे ढकला.

टप्पा ६: घरातला क्रम

क्रम रोज तोच ठेवा. मधेच नर्सरीचा फोन आला तरी कुठे थांबलो होतो ते आठवतं.

६.१ बाहेर. पुढचा आणि मागचा पूर्ण फोटो, दोन्ही बाजू दिसतील तेवढ्या. विटांची रचना बघा. सगळ्या विटांची लांब बाजूच दिसत असेल तर बहुधा कॅव्हिटी. लांब बाजू आणि आखूड डोकी आळीपाळीने दिसत असतील तर बहुधा भरीव भिंत. मग दाराच्या किंवा खिडकीच्या कडेला टेप लावून भिंतीची जाडी मोजा आणि टेपसकट फोटो घ्या. सांध्यांमध्ये ठरावीक अंतरावर बुजवलेली गोल भोकं दिसली तर कॅव्हिटी नंतर भरलेली आहे. तिचा जवळून फोटो हाच तुमचा पुरावा. धुराडी मोजा, छतावर सौर पॅनेल आहेत का बघा.

घराचा काळ इथेच ठरवा. आरडीसॅपमध्ये इंग्लंड-वेल्ससाठी ए (१९०० पूर्वी), बी (१९००–२९), सी (१९३०–४९), डी (१९५०–६६) पासून एम (२०२३ आणि पुढे) पर्यंत पट्टे आहेत. एक्स्टेंशनचा पट्टा वेगळा. सगळ्या घराला मूळ काळ चिकटवणं ही नेहमीची चूक.

६.२ नकाशा आणि मापं. प्रत्येक मजल्याचा हाताने नकाशा काढा. माप आतून घ्यायचं की बाहेरून ते ठरवा आणि संपूर्ण घराला तेच ठेवा, फ्लॅट आतूनच. खोलीची उंची नेहमी आतून. वरच्या मजल्याला मधल्या स्लॅबचे ०.२५ मीटर सॉफ्टवेअर स्वतः मिळवतं, तुम्ही मिळवू नका.

उष्णता बाहेर जाणारी परिमिती आणि शेजाऱ्याशी सामायिक भिंत यांची गल्लत होते. उदाहरण घ्या. सेमीचा तळमजला ७ मीटर गुणिले ६ मीटर, ७ मीटरची बाजू सामायिक. क्षेत्रफळ ४२ चौरस मीटर, परिमिती ६ + ७ + ६ = १९, सामायिक भिंत ७. आता मागच्या भिंतीला ४ मीटर रुंद आणि ३ मीटर खोल एकमजली एक्स्टेंशन जोडलं. तळमजल्याच्या मूळ भागाची परिमिती १९ वजा ४ = १५. एक्स्टेंशनची ३ + ४ + ३ = १०. वरच्या मजल्याची १९ च राहते, कारण तिथे भिंत अजूनही उघडीच आहे. घाईत वरच्या मजल्यालाही १५ घातले जातात.

*तपासणी:* एक्स्टेंशन जिथे चिकटतं ते अंतर, परिमिती आणि सामायिक भिंत मिळून त्या भागाचा पूर्ण घेर यायला हवा. इथे ४ + १५ + ७ = २६, आणि २ × (७ + ६) = २६. जमत नसेल तर त्याच मजल्यावर पुन्हा मोजा. घरी जाऊन जुळवू नका.

६.३ खिडक्या. नकाशावर प्रत्येक खिडकीला क्रमांक द्या आणि त्याच क्रमाने रुंदी, उंची, दिशा, काचेचा प्रकार, दोन काचांमधली फट आणि चौकट लिहा. क्रमांक न देता फोटो काढत गेलात तर रात्री कोणती काच कोणत्या खोलीची हे कळत नाही.

६.४ लॉफ्ट. शिडीवरून डोकं आणि खांदे आत जातील एवढंच. आत चढून फिरायचं नाही. तुळयांमधल्या इन्सुलेशनमध्ये पट्टी उभी रोवा आणि आकडा दिसेल असा फोटो घ्या. मग पूर्ण लॉफ्टचा एक फोटो, कारण झाकणाजवळ २७० मिलिमीटर आणि कोपऱ्यात उघडी तुळई असं असू शकतं. खाली उभं राहून "असेलच शंभरेक" हे उंटावरून शेळ्या हाकणं झालं. झाकण उघडलंच नाही तर न उघडणाऱ्या झाकणाचा फोटो घ्या आणि कारण लिहा.

छतात खोली आहे असं म्हणायला कायमचा जिना हवा. ओढून खाली येणारी शिडी असेल तर ते लॉफ्टच, आत गालिचा आणि खेळणी असली तरी.

६.५ हीटिंग आणि गरम पाणी. बॉयलरवरच्या माहितीच्या पट्टीचा फोटो, पूर्ण मॉडेल नावासकट. नुसत्या कंपनीच्या नावावर डेटाबेसमध्ये डझनभर नोंदी निघतात आणि कार्यक्षमता वेगवेगळी असते. पट्टी बहुधा खालच्या झडपेमागे असते. मग प्रोग्रामर, रूम थर्मोस्टॅट, रेडिएटरवरचे व्हॉल्व्ह: प्रत्येकी एक फोटो. सिलिंडर असेल तर आकार, आवरणाचा प्रकार आणि जाडी, थर्मोस्टॅट. स्टोरेज हीटर असेल तर नियंत्रणाच्या बटणांचा फोटो आणि वीजमीटर, म्हणजे दोन दरांचा आहे की एकाच, ते कळेल. भिंतीत बसवलेली गॅस फायर किंवा लाकडाची शेगडी लिहा; प्लगवर चालणारा सुटा हीटर मोजत नाहीत.

६.६ दिवे आणि शेवटची फेरी. बसवलेले दिवे प्रकारानुसार मोजा. मग दाराशी उभं राहून फोटोंची यादी तपासा: दर्शनी, मागची बाजू, भिंतीची जाडी, लॉफ्ट पट्टीसह, बॉयलरची पट्टी, कंट्रोल, सिलिंडर, मीटर, प्रत्येक खिडकी, नकाशा. एकही खूण राहिली असेल तर बूट घालू नका.

*इशारा:* एकट्याने रिकाम्या किंवा अनोळखी घरात जाताना पत्ता आणि निघण्याची वेळ घरच्या एका माणसाला पाठवा. वातावरण ठीक वाटलं नाही तर सर्व्हे अर्धवट सोडून निघा. त्या घराचे पैसे बुडाले तरी चालतील.

टप्पा ७: रात्रीचं टेबल

मुलं साडेआठला झोपली तर नऊ ते साडेदहा. त्याच दिवशीचं घर त्याच दिवशी भरा. तीन दिवस साठवलं की सगळी सेमी घरं एकसारखी वाटू लागतात. रात्री डेटा भरून सेव्ह करा, पण लॉज करू नका. सकाळी मुलांना सोडून आल्यावर दहा मिनिटं डोळ्यांखालून घाला आणि मग लॉज करा. उलटी मोजलेली उंची, राहून गेलेलं एक्स्टेंशन किंवा फ्लॅटचा चुकीचा मजला या चुका सकाळीच दिसतात.

स्कीम काही ईपीसी ऑडिटला काढते आणि मुदतीत फोटो व साइट नोट्स मागते. प्रत्येक घराचं वेगळं फोल्डर, नावात पत्ता आणि तारीख. उत्तर दहा मिनिटांत गेलं पाहिजे. ऑडिटमध्ये नापास झालात तर ईपीसी दुरुस्त करून पुन्हा नोंदवावा लागतो आणि तुमची आणखी घरं तपासायला घेतली जातात, आणि ते तास तुमच्या मोजक्या दिवसांतूनच जातात.

वर्षाला १० तासांचं सीपीडीही, म्हणजे ज्ञान अद्ययावत ठेवण्याचं प्रशिक्षण, लागतं. ते वर्षअखेरीला उरकायला ठेवू नका. मुलाच्या पोहण्याच्या क्लासबाहेरचा अर्धा तास याला चांगला.

टप्पा ८: मूल आजारी, शाळेला सुट्टी

उलटी किंवा जुलाब झाल्यावर मुलाला शेवटच्या त्रासानंतर ४८ तास शाळेत किंवा नर्सरीत पाठवता येत नाही. कांजिण्यांत सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत, म्हणजे साधारण पाच दिवस. म्हणून आठवड्यातला एक कामाचा दिवस, बहुतेकांना शुक्रवार जमतो, मुद्दाम रिकामा ठेवा. मंगळवारचं घर तिथे सरकतं. आठवडा नीट गेला तर शुक्रवार टेबलाच्या कामाला.

ग्राहकाला पाठवायचा मजकूर आधीच लिहून ठेवा: कारण एका ओळीत, पुढची दोन दिवसांची निवड, ईपीसी कोणत्या तारखेपर्यंत मिळेल. "मुलगा आजारी आहे" हे लपवायची गरज नाही. एजंटला फक्त तारीख हवी असते. घर विक्रीला किंवा भाड्याला लावण्याआधी ईपीसीचं काम सोपवलेलं असावं लागतं आणि ते सात दिवसांत मिळवण्याचा प्रयत्न अपेक्षित असतो. त्यामुळे दोन दिवसांची ढकल बहुतेक वेळा चालते, दहा दिवसांची चालत नाही. जवळच्या एखाद्या असेसरशी अदलाबदलीची बोलणी करून ठेवा: तुमचं अडलेलं घर त्यांच्याकडे, त्यांचं तुमच्याकडे, पैसे ज्याने सर्व्हे केला त्याचे.

शाळेची वर्षाला तेरा आठवडे सुट्टी, त्यात उन्हाळ्याचे सहा, आणि वर पाच इनसेट दिवस (शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे, मुलांना सुट्टी). सप्टेंबरमध्येच शाळेचं कॅलेंडर घेऊन हे सगळे दिवस बुकिंगच्या वहीत लाल करा. सुट्टीत काम पूर्ण बंद ठेवायचं नसेल तर आठवड्याला दोन दिवस हॉलिडे क्लब आणि तेवढीच घरं.

टप्पा ९: कर

कर-वर्ष ५ एप्रिलला संपतं. धंद्याची वर्षाची जमा १,००० पौंडांच्या वर गेली तर त्यानंतरच्या ५ ऑक्टोबरपर्यंत सेल्फ असेसमेंटची नोंदणी, ३१ जानेवारीपर्यंत रिटर्न आणि पैसे. मैलांची वही रोज भरा: तारीख, कुठून कुठे, मैल. २०२५-२६ मध्ये पहिल्या १०,००० मैलांना ४५ पेन्स धरता येतात. शाळा वाटेत असली तरी मुलाला सोडण्याचे मैल त्यात येत नाहीत. नर्सरीची फी हा धंद्याचा खर्च म्हणून वजा होत नाही. ती वजा होईल असं धरून दर ठरवला असेल तर टप्पा ४ मधला हिशेब पुन्हा मांडा.